ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

मास्तरकी करणाऱ्या माणसाकडे लोक मुलांच्या अभ्यासासाठी कमी आणि कागद वाचून घ्यायला जास्त येतात. रेशनकार्डाचा अर्ज, बँकेची नोटीस, सौदीहून आलेला करारनामा, काहीही. गेल्या शाबान महिन्यात शहापूरहून आमच्या खालांच्या मुलीचा, म्हणजे आपांचा, फोन आला तेव्हाही निमित्त कागदाचेच होते. "भाई, वजनाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. फॉर्म इंग्रजीत आहे. जुम्यानंतर या आणि एकदा वाचून दाखवा."

मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत आम्ही शहापूरला पोहोचलो, तेव्हा बैठकीच्या खोलीत दूल्हाभाई, त्यांचे थोरले भाऊ, आपांच्या सासूबाई आणि शिबिरात काम करणारा एक तरुण असे चौघे बसले होते. समोर अकरा पानांचा फॉर्म होता. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. कोणते ऑपरेशन, या रकान्यात दोन नावे छापली होती आणि दोन्हींपुढची चौकट रिकामी होती. तो तरुण नम्रपणे सांगत होता की महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर चाळीस हजारांची सूट आहे. आपा स्वयंपाकघरात चहा करत होत्या.

आम्ही विचारले, "आपांना बोलवा की." दूल्हाभाई म्हणाले, "तिला काय विचारायचे, ती तयारच आहे."

आपांचे वय ४८, उंची ५ फूट २ इंच, वजन ११२ किलो. आठ वर्षांपासून मधुमेह, दीड वर्षापासून इन्सुलिन. गुडघे गेलेले. रात्री घोरता घोरता श्वास अडकतो आणि त्या दचकून उठतात. म्हणजे हौसेचा मामला नव्हता. ऑपरेशनचा खर्च पावणेचार लाख सांगितला होता आणि तो आपांचे दागिने व पतपेढीचे कर्ज मिळून उभा राहणार होता. आम्ही चौघांनाही एकच प्रश्न विचारला : हे ऑपरेशन कशासाठी? दूल्हाभाई म्हणाले, इन्सुलिनचा खर्च सुटेल. सासूबाई म्हणाल्या, लग्नकार्यात चार माणसांत बरी दिसेल. भावाने सांगितले, डॉक्टर म्हणतात म्हणून. तोवर आपा चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीन वर्षे खुर्चीवर नमाज पढते आहे. मला जमिनीवर सजदा करायचा आहे."

एकाच घरात एकाच ऑपरेशनबद्दल चार वेगवेगळ्या अपेक्षा होत्या आणि ज्यांच्या पोटावर सुरी चालणार त्यांची अपेक्षा त्या दिवसापर्यंत कोणी ऐकलेलीही नव्हती. फॉर्म आम्ही घडी घालून पिशवीत ठेवला आणि पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत आम्ही जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते इथे मांडतो आहोत, कारण शहापूर-मुरबाडच्या बाजूला आता अशी शिबिरे वरचेवर होऊ लागली आहेत आणि उद्या हा फॉर्म आणखी कोणाच्या घरी येईल.

मुंबईतली इमान

या ऑपरेशनचे नाव मराठी घरांत पहिल्यांदा पोहोचले ते २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ते करून घेतले तेव्हा. पण आपल्या वाचकांना जास्त आठवत असेल ती २०१७ मधली इजिप्तची इमान अहमद. अलेक्झांड्रिया शहरातली ही ३६ वर्षांची बाई, वजन सुमारे पाचशे किलो, कित्येक वर्षे घराबाहेर पडलेली नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला मालवाहू विमानाने मुंबईत आणले, क्रेनने पलंगासकट उचलले आणि चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये ठेवले. डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्चला तिच्यावर शस्त्रक्रिया केली. त्याआधी आणि त्यानंतर मिळून तिचे वजन तीनशे किलोंहून जास्त उतरल्याचे हॉस्पिटलने जाहीर केले. एप्रिलमध्ये तिची बहीण शायमा हिने चित्रफितीतून आरोप केला की सांगितले जाते तेवढे वजन उतरलेले नाही आणि बहिणीची तब्येत सुधारलेली नाही. डॉक्टरांनी आरोप नाकारले. मे महिन्यात इमानला अबू धाबीच्या बुर्जील हॉस्पिटलमध्ये हलवले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिचे तिथे निधन झाले. अल्लाह तिची मगफिरत करो.

त्या वेळी कोण खरे, कोण खोटे यावर बरीच चर्चा झाली. आज इतक्या वर्षांनी आम्हाला त्यात दुसरेच दिसते. डॉक्टर किलो मोजत होते आणि बहीण वाट पाहत होती ती इमान उठून बसेल, चालेल याची. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात आणि तरीही असा भांडणाचा प्रसंग येतो, कारण ऑपरेशनने काय होणार आणि काय होणार नाही हे दोघांच्या मनात एकसारखे नसते. इमानची प्रकृती टोकाची होती, तिच्यात जनुकाचा दोषही सापडला होता, त्यामुळे तिच्यावरून आपल्या आपांचा निकाल लावता येत नाही. पण अपेक्षेचा घोटाळा मात्र शहापूरच्या त्या बैठकीत हुबेहूब तोच होता.

जनुकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. हजरत मुहम्मद (स.) यांनी पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची जी शिकवण दिली, ती आपल्याकडे बहुतेक वेळा लठ्ठ माणसाला टोमणा मारायला वापरली जाते, आणि तीही दावतीत, स्वतःच्या ताटात तिसऱ्यांदा बिर्याणी वाढून घेता घेता. अंगचा बांधा, थायरॉईड, बाळंतपणे, काही औषधे, झोप, या सगळ्यांचा वजनाशी संबंध आहे. आपा आमच्यापेक्षा कमी जेवतात हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

पोटात नेमके काय करतात

मुख्य प्रकार दोन. पहिल्यात, ज्याला स्लीव्ह म्हणतात, जठराचा सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. भूक लावणारा एक संप्रेरक याच काढलेल्या भागात जास्त तयार होतो, म्हणून भूकही मंदावते. हा भाग पुन्हा जोडता येत नाही. दुसऱ्यात, म्हणजे बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाची लिंबाएवढी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याची सुरुवात टाळून पुढे जाते. दोन्ही ऑपरेशने दुर्बिणीतून, चार-पाच लहान छिद्रांतून होतात आणि सगळे सुरळीत असेल तर तीन-चार दिवसांत घरी सोडतात.

यातले कोणते कोणाला, हा प्रश्न दुकानात रंग निवडण्यासारखा नाही. ज्यांना छातीत जळजळ, आंबट ढेकर यांचा जुना त्रास आहे त्यांचा तो त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. जुना मधुमेह असेल तर अनेक तज्ज्ञ बायपासकडे झुकतात. उलट बायपासनंतर जीवनसत्त्वांची कमतरता जास्त होते आणि गोड खाल्ले की ते आतड्यात झपाट्याने उतरून धडधड, घाम, चक्कर, जुलाब सुरू होतात. आपांना रात्री जळजळ होते, हे शिबिरात कोणी विचारलेही नव्हते. दुर्बीण घालून जठर तपासणे, पित्ताशयात खडे आहेत का ते सोनोग्राफीत पाहणे, हृदय, थायरॉईड, झोपेतल्या श्वासाची तपासणी, आहारतज्ज्ञांशी आणि मनाच्या डॉक्टरांशी बोलणे, हे सगळे तारीख ठरण्याच्या आधी व्हायला हवे. आपांच्या हातात मात्र तारीख आधी आली होती.

आता फायद्याची बाजू, कारण ती खरी आहे आणि भीती घालून कोणाचे भले होत नाही. पहिल्या दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या पाव ते तीस टक्के वजन साधारणपणे उतरते. मधुमेह अनेकांचा आटोक्यात येतो, कित्येकांचे इन्सुलिन सुटते. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांचा पाठपुरावा झाला. त्यात ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ऑपरेशन न केलेल्या तशाच लोकांपेक्षा पाव हिश्शाच्या आसपास कमी निघाले. पण त्याच अभ्यासात मधुमेह गेलेल्यांचे प्रमाण दोन वर्षांनी ७२ टक्के आणि दहा वर्षांनी ३६ टक्के होते. म्हणजे अनेकांचा आजार परत आला.

आपांच्या हिशेबात हे मांडून पाहा. ११२ किलोंतून पाव ते तीस टक्के म्हणजे २८ ते ३३ किलो. उरतात ८० किलो. शिबिराच्या पत्रकावरच्या बाईसारख्या त्या दिसणार नाहीत, पोटाची आणि दंडाची कातडी लोंबेल, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. पण गुडघ्यांवरचा तीस किलोंचा भार जाईल, झोपेतला श्वास सुधारेल आणि सजद्याची शक्यता बरीच वाढेल. सासूबाईंची अपेक्षा पुरी होणार नाही, आपांची कदाचित होईल. दूल्हाभाईंचे इन्सुलिन सुटेलही, पण दरमहा गोळ्यांचा खर्च सुरू होईल, तो मरेपर्यंत.

२७.५, ३५ आणि ४०

उंची-वजनाचे गणित, ज्याला बीएमआय म्हणतात, घरीही करता येते. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. आपांचा आकडा ४५ येतो. आशियाई माणसाला कमी लठ्ठपणातही मधुमेह गाठतो म्हणून आपल्यासाठी बरीच वर्षे ३७.५ किंवा आजार असेल तर ३२.५ ही मर्यादा धरली जाई. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली : आजार नसला तरी ३५, मधुमेहासारखा आजार असेल तर ३०, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा, असे त्या म्हणतात. विमा कंपन्यांचा आकडा वेगळाच. विमा नियामकाच्या प्रमाण अटींनुसार वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय किमान ४० लागतो. ३५ चालतो, पण तेव्हा हृदयरोग, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा लागतो आणि आधी साधे उपाय करून ते फसलेले असावे लागतात. त्याखाली दावा केला तर तो नामंजूर होतो. शिवाय आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो.

हे आकडे आम्ही एवढे सांगतो, त्याला कारण आहे. त्या तरुणाने निघताना आपांच्या मुलीकडे पाहून म्हटले, "हिचेही बघू या, निकाहच्या आधी होऊन जाईल." मुलगी २४ वर्षांची, ७४ किलो, ५ फूट ३ इंच, कोणताही आजार नाही. बीएमआय २९ भरतो. २७.५ च्या वर आहे हे खरे, पण ती मर्यादा म्हणजे विचार सुरू करण्याची जागा, हुकूम नव्हे. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण वजन झपाट्याने उतरत असताना आईलाच पोषण पुरत नाही, तर बाळाला कुठून पुरणार? बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्याही भरवशाच्या राहत नाहीत. ही गोष्ट मुलीला, होणाऱ्या नवऱ्याला आणि दोन्ही घरांना आधी माहीत हवी. स्थळ यावे म्हणून निरोगी जठर कापून टाकायला आम्ही तरी होकार देणार नाही. तिला नाचणीची भाकरी, अंडी, डाळ आणि रोज तासभर चालणे पुरेल. त्याने दहा किलो उतरले नाहीत तरी बिघडत काही नाही.

आसनगाव लोकल आणि कल्याणची एसटी

शहरातल्या माणसाला जो प्रश्न पडत नाही तो आपल्याला पडला पाहिजे. ऑपरेशन मुंबईत होईल, पण त्यानंतरची आयुष्यभराची देखभाल कुठे होणार?

चांगल्या केंद्रात या ऑपरेशनने मृत्यू येण्याचे प्रमाण फार कमी, हजारात एखादा असे आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनशी त्याची तुलना करतात. पण टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी, असे जे धोके आहेत ते बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे घरी आल्यावरही उद्भवू शकतात. ताप, नाडी सतत वेगाने चालणे, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे, श्वास लागणे, ही लक्षणे दिसली की तासांचा हिशेब असतो. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय रुग्णाला सावरून पुढे पाठवेल, पण गळतीवर पुन्हा ऑपरेशन करायला ज्यांनी पहिले केले तेच किंवा तशाच तयारीचे केंद्र लागते. आसनगावहून मुंबईला लोकलने दोन तासांच्या वर लागतात आणि रात्री शेवटची गाडी गेली की रस्त्याशिवाय मार्ग नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही, आधी तीसेक किलोमीटरवरचे कल्याण गाठायचे. भातसा, तानसाचे पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला विनासायास पोहोचते, आमचा आजारी माणूस पोहोचत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे कल्याण-ठाण्यात कोणा नातेवाइकाकडे राहण्याची सोय होते का, हे ऑपरेशनच्या तारखेइतकेच महत्त्वाचे आहे.

आणि त्यानंतरची वर्षे. मुरबाडच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांचे बायपास झाले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, शेतात चालू-फिरू लागले, सगळ्यांना आनंद झाला. पहिले वर्ष तपासणीला गेले, मग एसटीचा दिवसभराचा फेरा, दुकान बंद ठेवायचे, असे करत जाणे सुटले. बरे वाटते तर गोळ्या कशाला, म्हणून लोह, कॅल्शियम, बी-१२ सगळे थांबले. तिसऱ्या वर्षी पायाला मुंग्या, चालताना तोल जाणे, चढावर धाप. तपासले तर हिमोग्लोबिन ७. त्याच सुमारास गुडघा दुखतो म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेतल्या. बायपास झालेल्या माणसाला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होतो. त्यांना काळी शौचास झाली आणि कल्याणला दाखल करावे लागले. तिथे विचारले, कोणते ऑपरेशन झाले आहे? घरात कोणाला नाव सांगता येईना, फाईल पावसात भिजून गेली होती. आता ते बरे आहेत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "ऑपरेशनचा पस्तावा नाही मास्तर, फाईल गमावल्याचा आहे." ऑपरेशनचे नाव, तारीख आणि वर्ज्य औषधे लिहिलेला कागद आता त्यांच्या पाकिटात प्लॅस्टिकमध्ये घातलेला असतो.

लक्षात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट त्यांच्याच डॉक्टरांनी आम्हाला सांगितली. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांहून जास्त उलट्या चालू राहिल्या तर पित्त झाले म्हणून घरी बसायचे नाही. बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदू आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरांनी नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर बिघाड वाढतो, बी-१ चे इंजेक्शन आधी द्यावे लागते. हे त्यांना नम्रपणे सांगायची हिंमत घरातल्या एकाने तरी ठेवावी.

आपल्या घरातले प्रश्न

शिबिरात हे कोणी सांगत नाही, कारण ते विचारणारेही कोणी नसते.

रमजान. ऑपरेशननंतर एका वेळी अर्धी वाटी अन्न आणि घोटाघोटाने पाणी, तेही जेवणाच्या आधी-नंतर अर्धा तास सोडून, असा क्रम असतो. दिवसभर पाणी नाही आणि मग संध्याकाळी एकदम, हे नव्या जठराला झेपत नाही. सर्जन साधारणपणे पहिले काही महिने रोजे ठेवू नका असे सांगतात, बरेच जण वर्षभर थांबायला सांगतात. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे, तेव्हा यात कमीपणा काही नाही. नंतर कजा करायचा की फिदिया द्यायचा, हे आपल्या आलिमांना तब्येत नीट सांगून विचारावे. वर्षानंतर रोजे ठेवणारे पुष्कळ लोक आहेत. बायपास झाला असेल तर खजूर आणि शरबत एकदम घेतल्यावर जे होते ते वर लिहिलेच आहे. एक खजूर, सावकाश, आणि शरबताऐवजी साधे पाणी.

औषधे. गुठळी होऊ नये म्हणून पोटावर जे इंजेक्शन देतात, एनॉक्सापॅरिन नावाचे, ते डुकराच्या आतड्यापासून तयार होते. जीवनसत्त्वांच्या पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि ते कोणत्या प्राण्याचे हे पाकिटावर नसते. इंजेक्शनाला फॉन्डापॅरिनक्स हा कृत्रिम पर्याय आहे, तो प्रत्येकाला चालतोच असे नाही. कॅप्सूलऐवजी गोळ्या किंवा चघळायच्या वड्या मिळतात. पर्याय नसेल आणि जिवाचा प्रश्न असेल तर अशी वस्तू औषध म्हणून घेण्यास हरकत नाही, असे अनेक उलमांचे मत आहे. पण हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांशी आणि इमामसाहेबांशी बोलून ठेवावे. वॉर्डात रात्री दोन वाजता इंजेक्शन नाकारून नर्सशी वाद घालणे हा मार्ग नव्हे.

मशेरी. हा शब्द लिहिताना आम्हालाही संकोच वाटतो, पण आपल्या कित्येक घरांत बायका रोज लावतात आणि डॉक्टरांसमोर बोलत नाहीत. तंबाखू कोणत्याही रूपात असली तरी जखम भरायला वेळ लागतो आणि व्रणाचा धोका वाढतो. आपांनी आमच्यासमोर कबूल केले, डॉक्टरांना सांगितले नव्हते.

आणि सही कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या सज्ञान बाईची गर्भपिशवी तिच्या आईची संमती घेऊन काढली होती, ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. रुग्ण शुद्धीवर असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर आई, नवरा, दीर यांच्यापैकी कोणीही तिच्या वतीने हो म्हणू शकत नाही. ऑपरेशन काय, धोके काय, दुसरे उपाय कोणते आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे तिला समजेल असे सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार रुग्णांच्या हक्कांची सनद दवाखान्यात लावलेली असावी लागते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा अविश्वास नाही, हक्क आहे. महिनाअखेरची सूट हातची गेली तरी चालेल.

दुसऱ्या उपायांत २०२५ पासून भारतात मिळू लागलेली आठवड्याची वजन-मधुमेहाची इंजेक्शनेही येतात. त्यांनीही वजन बऱ्यापैकी उतरते, जठर शाबूत राहते, पण औषध थांबवले की वजन बहुधा परत येते आणि दरमहाचा खर्च आहे. आपांच्या डॉक्टरांनी ती सहा महिने वापरून पाहण्याचा पर्याय मांडला होता. दूल्हाभाईंनी खर्चाचा हिशेब कागदावर मांडला. दोन-तीन वर्षांचा ऑपरेशनच्या जवळपास जात होता.

पंधरा दिवसांनी आम्ही आपांबरोबर दुसऱ्या सर्जनकडे गेलो. प्रश्न आपांनी मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतः लिहून नेले होते. तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशने केली? गळती झाली तर फोन कोणाला, रात्रीसुद्धा? पुन्हा ऑपरेशन लागले तर पैसे पॅकेजमध्ये की वेगळे? पाच वर्षांनी तपासणीला येणारे तुमचे किती रुग्ण आहेत? शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर थोडे थांबले आणि म्हणाले, निम्म्याहून कमी. आम्हाला ते उत्तर आवडले. जळजळ आणि जुना मधुमेह पाहून त्यांनी स्लीव्हऐवजी बायपास सुचवला. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. झोपेची तपासणी होऊन रात्री लावायचे श्वासाचे यंत्र मिळाले. मशेरी बंद केल्याशिवाय तारीख देणार नाही असे त्यांनी सांगितले, आणि आपा हसल्या.

रमजान होऊन गेला. आपांनी डॉक्टरांना विचारून, इन्सुलिनचे प्रमाण बदलून घेऊन, जमतील तेवढे रोजे ठेवले. मशेरीचा डबा सासूबाईंनीच फेकून दिला. दागिने अजून कपाटात आहेत. दूल्हाभाईंच्या विमा पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ सप्टेंबरमध्ये संपतो हे पॉलिसी नीट वाचल्यावर कळले, तोपर्यंत थांबायचे ठरले आहे. दवाखान्याने संमतीचा फॉर्म मराठीत दिला. तो वाचून दाखवायला या वेळी आम्हाला बोलावणे आले नाही. आपांनी तो स्वतः वाचला आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवले आहे.